ॲट द रेटच्या अलीकडे

"मॅडम, ती लाल अक्षरं काही जाईनात."

फोनवरचे गृहस्थ केज तालुक्यातून बोलत होते. मुलगी बारावी झालेली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. अर्ज ऑनलाइन होता आणि तो मी लिहिलेला होता. एका शिक्षणसंस्थेसाठी आम्ही चौघांनी मिळून ते काम केलं होतं. अर्ज, त्याची पडताळणी आणि तो डेटाबेसात नीट उतरवणं एवढा भाग माझ्याकडे. मदतीसाठी दिलेला नंबर संस्थेच्या कार्यालयाचा होता. तिथल्या बाईंनी दोनदा प्रयत्न करून पाहिला आणि मग त्यांना माझा नंबर दिला.

लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'ईमेल पत्ता अवैध आहे'. ते वाक्यही माझंच.

"काका, मुलीकडे देता का फोन?"

मुलगी हळू बोलत होती, पण स्पष्ट. पत्ता तिने एकेक अक्षर फोडून सांगितला. एस फॉर सातारा, एन फॉर नाशिक, मधे एक डॉट, पुढं दोन आकडे, ॲट द रेट, जीमेल डॉट कॉम. मी इकडे माझ्या कॉम्प्युटरवर तोच पत्ता टाइप केला. लाल अक्षरं आली नाहीत. "माझ्याकडे जातोय," मी म्हटलं, "परत एकदा टाका." तिने टाकला. नाही. तिसऱ्यांदा टाकला. नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, माझा ईमेलच चुकीचा असंल का? दुसरा काढू का नवीन?"

दोन वर्षं ती तोच पत्ता वापरत होती. कॉलेजचे निरोप त्यावर येत होते, अकरावीचा प्रवेश त्यावरच झाला होता. आणि माझं एक वाक्य वाचून ती तो टाकून द्यायला निघाली होती. मी तिला थांबवलं आणि व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट मागवला.

स्क्रीनशॉटमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं. मी तो मोठा करून पाहिला, अक्षरं मोजली, डॉट मोजला. मग एक गोष्ट दिसली. कर्सरची ती बारीक उभी रेघ शेवटच्या एमला खेटून नव्हती. एका अक्षराएवढी लांब उभी होती.

म्हणजे पत्त्याच्या शेवटी एक स्पेस होती. मुलीने ती दिली नव्हती. तिने पहिली तीन अक्षरं टाइप केली की फोनचा कीबोर्ड वरच्या पट्टीत तिचा पूर्ण पत्ता दाखवत होता, ती त्यावर बोट ठेवत होती, आणि कीबोर्ड सवयीप्रमाणे शब्दानंतर स्पेस सोडत होता. तिने नवीन पत्ता काढला असता तरी पुढच्या वेळी तेच झालं असतं.

"शेवटच्या अक्षरानंतर खोडायचं बटण एकदाच दाबा," मी सांगितलं. मागे तिचे वडील "झालं का, झालं का" विचारत होते. "झालं!" ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी मला थँक्यू म्हणाली. ते थँक्यू मला घेववेना.

त्या रात्री मी कोड उघडून बसले. पत्ता तपासणारा रेजेक्स एका ओळीचा होता. रेजेक्स म्हणजे अक्षरांच्या रचनेचा साचा: अमुक अक्षरं चालतील, मग @ हवं, मग अमुक, मग डॉट, मग अमुक. ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह होतं. रेजेक्समध्ये त्याचा अर्थ 'इथे संपलं पाहिजे, पुढे काही चालणार नाही'. त्या डॉलरने मुलीला अडवलं होतं. ती ओळ मी आधीच्या एका कामातून उचलली होती, तिथे ती कोणी तरी आणखी जुन्या कामातून आणली होती. प्रत्येकाने ती चालते एवढं पाहिलं. कोणासाठी चालते हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही.

मग मला मोजायचं होतं की अशी किती मुलं परत गेली. मोजता आलं नाही. तपासणी ब्राउझरमध्येच होत होती. पत्ता साच्यात बसला नाही तर अर्ज सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे जे अडले त्यांची लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळही नव्हती. ज्यांचे वडील फोन करून खोदून विचारणारे होते तेवढेच मला कळणार होते. बाकीच्यांनी 'आपलाच पत्ता चुकीचा' म्हणून फोन बाजूला ठेवला असेल. आजही या कामाबद्दल बोलताना मला आधी आठवते ती ती कोरी लॉग फाइल.

जे आत आले होते त्यांची नोंद मात्र होती, म्हणून ती पाहिली. 'एन ए ॲट एन ए डॉट कॉम' होता. 'एबीसी ॲट जीमेल डॉट कॉम' बऱ्याच वेळा होता. ज्यांच्याकडे ईमेल नव्हता त्यांनी पुढे सरकण्यासाठी काही तरी भरलं होतं, आणि माझा साचा त्याला हो म्हणाला होता. जीमेल डॉट कॉन होता, जीमेलमधला आय आणि ए उलटे झालेले होते. आणि एकच पत्ता साठाहून जास्त अर्जांवर होता. आधी मला वाटलं डेटा बिघडलाय. मग त्या अर्जांवरचा घरचा पत्ता पाहिला: सगळे एकाच बाजारपेठेच्या गावच्या आसपासचे. तिथल्या अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या चालकाने प्रत्येक मुलाच्या अर्जात स्वतःचा ईमेल घातला होता. रचनेच्या दृष्टीने तो निर्दोष होता. पण त्या साठ मुलांपैकी एकालाही आमचं पत्र मिळणार नव्हतं, जोवर तो गृहस्थ त्यांना शोधून सांगत नाही. त्याला मी दोष देत नाही. गावात ईमेल नसलेल्या मुलाचा अर्ज भरायचा आणि रकाना सक्तीचा, तर दुसरं तो काय करणार? सक्ती मी केली होती.

माझा साचा नेमकं काय तपासत होता, हा प्रश्न त्या रात्री डोक्यात बसला तो उठलाच नाही. पुढची काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी याच एका गोष्टीच्या मागे लागले.

सुरुवात १९७१ पासून करावी लागते. अमेरिकेत केंब्रिजमधल्या बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाचा अभियंता होता. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप पाठवायचा तर माणसाचं नाव आणि मशीनचं नाव यांच्यामध्ये काही तरी खूण हवी होती. त्याच्या टेलिटाइपच्या कीबोर्डवर @ होतं, ते कोणाच्या नावात येत नव्हतं, आणि इंग्रजीत 'अमुक ठिकाणी' असा अर्थ सरळ निघत होता. ते चिन्ह मूळचं व्यापाऱ्याचं: इतके नग, अमुक दराने. आपण अजून त्याला 'ॲट द रेट'च म्हणतो. केजच्या मुलीने पत्ता सांगताना तोच शब्द वापरला होता.

टॉमलिन्सनने खूण ठरवली त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ ला, आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं डझनांनी, पाकिटावर लिपी दहा प्रकारची. त्यावर त्यांनी सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिथे टपाल वेगळं होतं तो जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. महाराष्ट्राचे ४० ते ४४, त्यातच गोव्याचं ४०३. मला यात जे आवडतं ते असं की पिनकोडने पाकिटावरचा बाकीचा मजकूर रद्द केला नाही. 'मु. पो. अमुक, मारुतीच्या देवळामागे' हे तसंच राहिलं. सहा आकडे पाकीट योग्य टपाल कार्यालयात पोचवतात. देऊळ कोणतं ते तिथल्या पोस्टमनला ठाऊक असतं. मुंबईत पत्र वेगळं करणाऱ्याने 'मारुतीच्या मागे हा काही पत्ता झाला का' म्हणून ते परत पाठवायचं नसतं.

ईमेलचे नियम वाचायला घेतले तेव्हा हीच व्यवस्था तिथे लिहिलेली सापडली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. त्यातला आरएफसी ५३२१ हा २००८ चा, ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा जातो त्याचा. त्यात म्हटलं आहे की @च्या अलीकडच्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त @च्या पलीकडे ज्याचं नाव आहे त्या सर्व्हरला. कारणही दिलं आहे: वाटेतल्या मशीननी त्यात हात घालून पूर्वी बरेच घोटाळे केलेत. पलीकडचा भाग, म्हणजे डोमेन, सगळ्या जगाने वाचायचा असतो. अलीकडचा भाग त्या घरचा. तिथे मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानायचं का, मधला डॉट धरायचा की सोडायचा, अधिकच्या चिन्हापुढचं काही वेगळ्या फोल्डरला लावायचं का, हे घरधनी ठरवतो. जीमेल मधले डॉट मोजत नाही. दुसरी एखादी सेवा मोजते. माझ्या अर्जाला त्यात पडायचं कारण नव्हतं. मी वाटेत उभी राहून देऊळ कोणतं ते विचारत होते.

अधिकच्या चिन्हाचं थोडं सांगायला हवं, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. माझा एक मित्र प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि त्या दुकानाचं नाव लावून पत्ता देतो. पत्र आलं तरी त्याच्याच डब्यात येतं, पण पत्ता कोणी विकला ते त्याला कळतं. ही पूर्ण नियमात बसणारी गोष्ट आहे. तरी कित्येक अर्ज त्याला नाही म्हणतात, आणि काही हो म्हणून नंतर बिघडवतात. पुष्टीच्या लिंकमध्ये पत्ता तसाच चिकटवला तर वेबवर अधिकच्या चिन्हाचा अर्थ स्पेस असा लागतो. पत्ता तुटतो, लिंक दाबली की 'असा अर्जदार सापडला नाही' येतं. हा बग मी स्वतः दोनदा लिहिलेला आहे.

मग पुढचा विचार येतो तो असा: अपूर्ण साचा वाईट, तर नियमाबरहुकूम पूर्ण साचा लिहावा. हा मोह मलाही झाला. १९८२ च्या आरएफसी ८२२ मधली पत्त्याची व्याख्या वाचली तर चक्रावायला होतं. अवतरणचिन्हात घातलं तर @च्या अलीकडे स्पेस चालते, दुसरं @ सुद्धा चालतं. कंसात टीप लिहिता येते. त्या व्याख्येवर बेतलेला पर्ल भाषेतला एक प्रसिद्ध रेजेक्स सहा हजारांहून जास्त अक्षरांचा आहे. तो पडद्यावर पाहिला की एखादं विणकाम उसवल्यासारखं दिसतं. आणि एवढं करून तो 'एन ए ॲट एन ए डॉट कॉम'ला हो म्हणतो, जीमेल डॉट कॉनला हो म्हणतो, साठ अर्जांवरच्या केंद्रचालकाच्या पत्त्यालाही हो म्हणतो. म्हणायलाच हवं. रचनेत त्यांचं काही चुकलेलं नाही.

एचटीएमएल५ या वेबपानांच्या भाषेचे नियम लिहिणाऱ्यांनी या व्याख्येपुढे हात टेकले. अर्जातल्या ईमेलच्या रकान्यासाठी त्यांनी स्वतःचा सुटसुटीत साचा दिला आणि उघड लिहिलं की आम्ही इथे आरएफसी ५३२२, म्हणजे ८२२ चाच नवा अवतार, जाणूनबुजून मोडत आहोत: तो @च्या आधी फार कडक आहे, @च्या नंतर फार मोघम, आणि लोकांना अनोळखी अशा गोष्टींना फार मोकळा. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. त्याच रकान्याचा आणखी एक गुण: तो वापरला तर पत्त्याच्या मागची-पुढची स्पेस ब्राउझर आपण होऊन काढतो, आणि फोनवर @ असलेला कीबोर्ड येतो. मी तो वापरला नव्हता. ब्राउझरची सूचना इंग्रजीत येत होती आणि संस्थेला मराठी हवी होती, म्हणून मी साधा मजकुराचा रकाना घेतला. सूचना मराठी करून तोच रकाना ठेवता आला असता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मराठीसाठी म्हणून केलेल्या गोष्टीने मराठी मुलीला अडवलं, हे मनाला लागून राहिलं.

रेजेक्सच्या दुसऱ्या टोकालाही एक जुना हिशेब होता. डोमेनच्या शेवटच्या तुकड्याला माझ्या ओळीत दोन ते चार अक्षरांची मुभा होती. ती ओळ पहिल्यांदा ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यासमोर कॉम, नेट, ओआरजी, इन आणि फार तर इन्फो असणार. पण इन्फो आलं त्याच २००१ मध्ये म्युझियमही आलं होतं, इंग्रजीत सहा अक्षरांचं. २०१२ मध्ये डोमेनच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने नव्या शेवटांसाठी अर्ज मागवले तेव्हा १,९३० आले. २०१३ च्या ऑक्टोबरपासून ते एकेक करून सुरू झाले आणि आज जुने-नवे सगळे धरून शेवटांची संख्या चौदाशेच्या वर आहे. कोल्हापूरच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या गृहस्थांनी हौसेने डॉट फोटोग्राफी असा पत्ता घेतला आणि मग प्रत्येक अर्जात जीमेलचा देऊ लागले. "तो व्हिजिटिंग कार्डावर छान दिसतोय हो, पण कुठं चालंना," असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्या वाटेतल्या भिंतींपैकी एक माझ्या हातची असू शकेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. आपल्या लिपीतला पत्ता.

२०१२ च्या फेब्रुवारीत आरएफसी ६५३१ आला आणि @च्या दोन्ही बाजूंना जगातली कोणतीही लिपी चालेल असं ठरलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरी डॉट भारत सुरू झालं, त्यात मराठी आणि कोकणीही आली. त्याच महिन्यात जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करता येईल असं जाहीर केलं. जयपूरच्या एका कंपनीची डेटामेल ही सेवा २०१६ मध्ये भारतीय भाषांत पत्ते देऊ लागली. म्हणजे नियम आहे, डोमेन आहे, टपाल नेणारा आहे. अडतं ते अर्जाच्या रकान्याशी. एचटीएमएल५ च्या त्या सुटसुटीत साच्यातही @च्या आधी फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं होती.

माझ्या साच्यात तर अर्थातच ए ते झेड होतं. मी ठरवलं की ते बदलायचं. रेजेक्समध्ये 'कोणत्याही लिपीतलं अक्षर' असा एक गट मिळतो, तो घातला आणि चाचणीला नावं दिली. 'गगन' गेला. 'कमल' गेली. 'शरद' गेला. मला वाटलं झालं काम. मग 'मीरा' दिलं आणि ते अडलं. 'सुनील' अडलं. 'वैशाली' अडलं. मी आधी टायपिंग तपासलं, मग एन्कोडिंग. शेवटी एकेक अक्षर सुटं करून पाहिलं तेव्हा उलगडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, म हे अक्षर आहे, पण त्याला लागलेली दीर्घ वेलांटी अक्षर नाही. तिचा गट वेगळा, 'खुणां'चा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्या गटात. माझ्या नव्या साच्याला र आणि म दिसत होते, काना-वेलांट्या परक्या वाटत होत्या. ज्याच्या नावात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही तोच आत. पहिलीच्या पुस्तकातले पहिले धडे आठवा, 'कमल नमन कर'. तेवढीच मराठी माझ्या दारातून आत येत होती.

मराठीत जगणाऱ्या माणसाला वेलांटी अक्षरापासून वेगळी दिसत नाही, म्हणून ही चूक मला सुचलीच नव्हती. हातात मराठी आणि डोक्यात ए ते झेड, असं आपलं कोड लिहिताना होतं.

लांबीचंही असंच. @च्या अलीकडचा भाग ६४ बाइटांपर्यंत, आणि सगळा पत्ता २५४ पर्यंत. (बऱ्याच ठिकाणी ३२० लिहिलेलं सापडेल. २००४ च्या आरएफसी ३६९६ मध्ये तसं होतं, नंतर ती चूक दुरुस्त झाली.) इंग्रजीत ६४ बाइट म्हणजे ६४ अक्षरं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो. 'कुलकर्णी' आठ चिन्हं, २४ बाइट. 'ज्ञानेश्वर' दहा चिन्हं, ३० बाइट. 'धर्माधिकारी' अकरा, ३३. आता ज्ञानेश्वर, मधे डॉट, धर्माधिकारी असा पत्ता घ्या. ३० आणि १ आणि ३३. बरोबर ६४. मी तो तीनदा मोजला. एवढं भारदस्त नाव अगदी काठावर मावतं, आणखी एक काना आला तर बाहेर. आणि तपासणारा कोड जर बाइटांऐवजी अक्षरं मोजत असेल तर त्याला हे कळणारच नाही.

हेच नाव इंग्रजीत लिहायचं तर आपल्या 'ज्ञ'चं काय होतं पाहा. आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय, संस्कृतचे अभ्यासक जे-एन. बँकेत, रेल्वेत, आधारवर तिन्ही तऱ्हा सापडतात आणि माणूस आयुष्यभर स्पेलिंग सांगत बसतो. देवनागरीत ते एकच आहे. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी अस्मितेपेक्षा सोयीचा आहे. ज्याला स्वतःचं नाव एकाच पद्धतीने लिहिता येतं त्याचा पत्ता चुकण्याची शक्यता कमी.

उलट बाजूही आहे आणि ती मी कधीच हलकी मानत नाही. तपासणी सैल केली म्हणजे दार सताड उघडं ठेवलं असं होत नाही. पत्त्यात नवी ओळ घुसवून कोणी पत्राच्या मथळ्यात भलताच मजकूर घालू शकतो, ती नवी ओळ अडवलीच पाहिजे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पीएचपीमेलर या ईमेल पाठवण्यासाठी फार वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, एक गंभीर भोक सापडलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अवतरणचिन्हं आणि स्पेस घालून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. आणि तो पत्ता नियमाने वैध होता. पत्ता वैध आहे म्हणून तो पुढच्या आज्ञेत तसाच चिकटवायचा नसतो, ही वेगळी खबरदारी आणि ती वेगळीच घ्यावी लागते.

रेजेक्स स्वतःही धोक्याचा होऊ शकतो. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर मंडळींची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं मजकुराच्या मागची-पुढची स्पेस छाटणारा एक छोटासा रेजेक्स. कोणाच्या तरी मजकुरात सलग सुमारे वीस हजार स्पेस आल्या, त्या शेवटी नव्हत्या, आणि रेजेक्स प्रत्येक स्पेसपासून पुन्हा नव्याने मोजत बसला: वीस हजार, मग एक कमी, मग आणखी एक कमी, मिळून वीस कोटींच्या आसपास तपासण्या. हे वाचलं तेव्हा मी माझ्या कोडमध्ये स्पेस काढण्यासाठी असाच एक रेजेक्स नुकताच घातला होता. तो त्याच दिवशी काढून प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार असलेलं, कडेची स्पेस छाटणारं ट्रिम वापरलं.

आता मी काय करते? फार थोडं. मागची-पुढची स्पेस काढते, न विचारता, न सांगता. @ आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का, लांबी २५४ बाइटांच्या आत आहे का, नवी ओळ किंवा न दिसणारी आज्ञेची चिन्हं नाहीत ना, एवढं पाहते. डोमेनचं स्पेलिंग जीमेलसारखं पण जरा वेगळं वाटलं तर विचारते, 'जीमेल डॉट कॉम म्हणायचं होतं का?', आणि 'नाही, हाच बरोबर' असं म्हणायला बटण ठेवते. फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर मोठं केलेलं असलं तर पत्र पाठवायला पत्ता जसा दिला तसाच वापरते, पण नोंद शोधताना लहान-मोठं अक्षर सारखं मानते. मग त्या पत्त्यावर एक पत्र पाठवते. पत्र पोचलं, त्यातली लिंक दाबली गेली, तर पत्ता खरा. याशिवाय दुसरी कोणतीही तपासणी पत्ता कोणाचा आहे हे सांगू शकत नाही. लाल अक्षरं आता ब्राउझरमध्ये उमटली की सर्व्हरवर एक ओळ लिहिली जाते: कोणत्या नियमाने अडवलं, किती वेळा. पत्ता लिहीत नाही, फक्त नियम. वाक्यही बदललं. 'अवैध' हा शब्द काढला. आता तिथे 'या पत्त्यात @ दिसत नाही, एकदा पाहाल का?' असं येतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ईमेलची सक्ती काढण्यावर. संस्थेचे लोक म्हणाले, संपर्क कसा करणार? मी त्या साठ अर्जांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की मोबाइल नंबर सक्तीचा, ईमेल असेल तर द्यावा. पुढच्या वर्षी 'एन ए ॲट एन ए'चा एकही अर्ज आला नाही. केंद्रचालकाचा पत्ता चार अर्जांवर होता, आणि ती त्याच्याच घरातली मुलं निघाली.

चाचणीसाठी आम्ही एक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे, एका ओळीवर एक पत्ता. पहिली ओळ केजच्या मुलीसाठी: कुठलासा बनवलेला पत्ता आणि शेवटी एक स्पेस. त्याखाली अधिकचं चिन्ह, डॉट फोटोग्राफी, मीरा, सुनील, वैशाली, आणि तो ६४ बाइटांचा ज्ञानेश्वर. कोडमध्ये काहीही बदललं की हे सगळे पत्ते आधी दारातून जाऊन येतात.

गेल्या महिन्यात टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने त्या फाइलमध्ये दोन पत्ते वाढवले. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी सहज त्याचे बदल पाहत होते तर त्यात पहिली ओळही बदललेली दिसली, पण जुनी आणि नवी ओळ अगदी सारखी. त्याला विचारलं. "ताई, मी तिला हातपण नाही लावला," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याचा एडिटर फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटची स्पेस आपण होऊन काढून टाकतो. पुढे कोणी ट्रिमची ओळ चुकून काढली असती तरी आमच्या चाचण्या हिरव्याच राहिल्या असत्या.

मी त्याला केजच्या फोनची गोष्ट सांगितली, कर्सर शेवटच्या एमपासून किती लांब होता ते कागदावर काढून दाखवलं. मग आम्ही दोघांनी मिळून ती ओळ बदलली. आता तिथे स्पेस उघडी ठेवत नाही, तिचा युनिकोडमधला क्रमांक लिहितो, यू अधिक ००२०. चाचणी चालताना तिची पुन्हा स्पेस होते.